न बसलेली माती

केमिस्टने घरी येताच मोठं पातेलं काढलं, नळाखाली भरलं आणि गॅसवर ठेवलं. बायको कणीक मळत होती. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासणारा हा माणूस, पाणी उकळून पिणाऱ्यांची आजवर टर उडवत आला होता.

नदी सकाळपासून गढूळ होती. केंद्रात पाण्यात तुरटी पडली, जाड गाळ खाली बसला. पण मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर लोटत तसेच तरंगत राहिले. नुसतं पाहिलं तर पाणी नितळ दिसत होतं. केमिस्टने ग्लासात बॅटरीचा झोत सोडला, तेव्हा आत उजेडाची धुरकट रेघ उमटली. असल्या मातीच्या आड जंतू दडतात, जंतू मारणारं औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शहराला पाणी पुरवणाऱ्या टाक्यांचे तळ दिसायला लागले होते, साहेब डोक्यावर येऊन बसले होते. शेवटी तो "सोडा पाणी शहरात" म्हणाला.

पाण्याला काही झालंय का, असं बायकोने विचारलं. त्याने तिची नजर टाळत सगळं सांगून टाकलं. ती पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली.

"म्हणजे आपल्यापुरतं उकळायचं?" तिने विचारलं.

मग त्याने साहेबांना फोन लावला, पाणी बंद करा म्हणाला, चूक माझी आहे असंही म्हणाला. साहेब एवढंच म्हणाले, की आता बंद करून काय उपयोग, पाणी केव्हाच घरोघरी पोचलंय. तो चपला न घालताच बाहेर पडला.

समोरच्या मावशींनी दार उघडलं. त्याचा चेहरा पाहून त्या आत वळल्या आणि ग्लास भरून घेऊन आल्या.

"किती धापा टाकतोयस. आधी पाणी घे बघू. तू तिथे आहेस म्हणून आम्ही डोळे मिटून पितो रे."

"मावशी, नळाचं पाणी तसंच पिऊ नका. उकळून घ्या. आणि नातवाला तर..."

मावशींचा हात तसाच पुढे राहिला. त्यांनी मान वळवून लेकीला हाक मारली, बाळाला नळाचं पाणी पाजलंस का म्हणून विचारलं.

"हो, आत्ताच," आतून आवाज आला. "अजून मागतोय."