उतरलेली कावीळ

बाहत्तरच्या दुष्काळात माझी बायको साळू काविळीने पिवळी पडली. तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी जुंपली, तर माझे चुलते हंबीरतात्या यांनी बैल सोडायला लावले. म्हणाले, "काविळीला डॉक्टर कशाला रं? ज्ञानू भगताची मंतरलेली माळ तिच्या डोक्यावर घाल. माळ जशी लांबंल, तशी कावीळ उतरती."

माळ मोठ्या इमानाने लांबत डोक्यावरून कमरेपर्यंत आली. साळू गेली.

राख सावडायला ज्ञानूही आला होता. मला म्हणाला, "कावीळ पार उतरली हुती, गड्या. वैनी दुसऱ्याच कशानं तरी गेल्या."



"व्हय तर!" तात्या म्हणाले. "ज्ञानू, आता असाच आमच्या घरला चल. थोरल्या सुनंलाबी कावीळ झालीया."