जेवणाआधी

"विष घातलंयस!" आईने ताट दूर सारलं. स्मृतिभ्रंश झाल्यापासून ती लेकीलाच चोर समजायची. कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

संशय फिटावा म्हणून लेकीने पहिला घास स्वतः खाल्ला. आई आणखीच सावध झाली. "आभार न मानता जेवतेस? तू आमच्या घरातली नव्हेस."

लेक चपापली. आईच्या आजारपणात जेवणाआधीची प्रार्थना कधीच सुटली होती. तिने डोळे मिटले. "स्वर्गातल्या बापा, आम्ही बदललो; तू तोच आहेस. या अन्नाबद्दल तुझे आभार. येशूच्या नावाने, आमेन."

"आमेन," आई म्हणाली. "मी कोण, आठवत नाही गं. पण त्याची लेक, एवढं पक्कं. तूही त्यालाच बाप म्हणतेस?"

"हो."

"मग बहीण लागतेस माझी," आईने ताट ओढलं. "तूप वाढ."