बारा जणांतला एक

पवित्र गुरुवारी चर्चमधल्या मिस्सेला फादर येशूचे बारा प्रेषित मानून ज्या बारा जणांचे पाय धुतात, त्यांत यंदा माझं नाव होतं. म्हणून दुपारी ओटीवर बसून मी आधी स्वतःच पाय धुतले. टाचा दगडाने घासल्या, नखं कापली. फादरांसमोर मळके पाय कसे धरायचे?

खाटेवरून बाबा बघत होते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना वाकता येत नाही. त्यांनी पांघरुणातून पाय बाहेर काढला.

"इनास, माझीपण काप रे. चादरीत अडकतात."

"उद्या कापतो, बाबा. अजून शर्टाला इस्त्री करायचीय."

गेल्या रविवारीही मी उद्याच म्हणालो होतो.

संध्याकाळी फादरांनी गुडघे टेकून माझ्या पायावर पाणी ओतलं, टॉवेलने टिपलं आणि पायाचं चुंबन घेतलं. परातीत पडलेलं पाणी नितळच होतं. मला त्याचाही अभिमान वाटला.

घरी आलो तर बाबा वाट बघत होते. "कुठला पाय धुतला? दाखव."

मी पाय खाटेच्या कडेवर ठेवला. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि तीच बोटं ओठांना लावली. आता मात्र मला राहवेना. मी नेलकटर आणलं आणि खाटेशी खाली बसलो.

बाबांनी घाईघाईने पाय पांघरुणात ओढून घेतले.

"छे छे, आज माझ्या पायांना हात लावू नकोस. आज तू प्रेषित आहेस."