भोक पाडलेली पुतळी

कुवेतमधल्या फरवानियात मोबाईलचं दुकान टाकायचं म्हणून साबीर बायकोच्या माळेतली सगळ्यात जुनी सोन्याची पुतळी तिला विचारून घेऊन गेला. हवल्लीतल्या जुन्या नाण्यांच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने भिंग लावलं आणि तो खुर्चीतून उठलाच.

"हे व्हेनिसचं डुकॅट आहे," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "तुमच्या बंदरात, आमच्या बंदरात, एके काळी सगळीकडे हेच चालायचं. पण हा शिक्का फार दुर्मीळ." मग त्याचं बोट कडेच्या भोकावर थांबलं. "अरेरे! आता नुसता सोन्याचा भाव."

साबीर तणतणतच घरी आला. "कुठल्या अडाण्याने भोक पाडलं गं याला? हजारो दिनारांची माती केली!"

"माझ्या पणजीने," बिल्कीस म्हणाली. "पणजोबांच्या हातात पैसा टिकायचा नाही. पण बायकोच्या गळ्यातल्या दागिन्याला हात लावायची त्यांना लाज वाटायची. म्हणून हाती लागेल ते नाणं ती सोनाराकडून भोक पाडून माळेत ओवायची."

"एखादं तरी तसंच ठेवायचं!"

बिल्कीसने त्याच्या हातातली पुतळी घेतली आणि पुन्हा माळेत ओवली.

"बिनभोकाची पुष्कळ होती. त्यातलं एकही उरलं नाही."