गळ्याची पिशवी

इंदूरला बंगल्यामागच्या मेंदीत मुनियाचं घरटं होतं. हात घालताच मादीने अच्युतरावांच्या अंगठ्याला चोच मारली. मध्य भारत सरकारच्या कचेरीत साहेबापुढे वाकणारा हा माणूस घरी जमदग्नी. त्यांनी तिची मान चिमटीत धरून पिरगाळली, आणि पिलं तेवढी घरात आणून पिंजऱ्यात ठेवली.

पिसं न फुटलेली तीन पिलं. गळ्याच्या पिशवीची कातडी इतकी पातळ, की खाल्लेलं बाहेरून दिसावं. अच्युतराव त्यांना काडीने सातूचं पिवळसर पीठ भरवत.

दुसऱ्या दिवशी गळ्यात हिरवं दिसलं. गवताचं कोवळं बी.

"हे तू दिलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी कशाला देऊ? पिंजऱ्याला कुलूप तुमचंच आहे," शालिनी म्हणाली.

"झूठ!" त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली.

रविवारी भरदुपारी खिडक्या लावून ते स्वतः पिंजऱ्यापुढे बसले. पिलांनी एकदम चोची उघडल्या. त्यांच्याकडे नाही, वर, रिकाम्या जागेकडे. एकेकाच्या गळ्यात हिरवा दाणा उतरला. मग दुसरा.

अच्युतरावांच्या अंगाची लाहीलाही झाली. कुलूप काढून त्यांनी एक पिलू मुठीत आवळलं.

त्यांच्या मानेला मागून चिमटी बसली. बारीक, गरम.

"हात काढ, शालिनी!"

"अहो, मी इथे चुलीपाशी आहे," आवाज स्वयंपाकघरातून आला.

बघायला त्यांनी मान वळवली. ती खांद्यापर्यंत वळली, आणि तिथे थांबली नाही.