अनावश्यक फायली

'विद्युतपुरवठ्यातील आकस्मिक बिघाडामुळे संगणकावरील काही अनावश्यक फायली आपोआप नष्ट झाल्या. संस्थेस खेद आहे.'

संचालकांच्या सहीचं हे परिपत्रक हातात घेऊन भाषाविभागाच्या पद्मजा चिपळूणकर संगणककक्षात शिरल्या. चपला दाराबाहेर काढायचा तिथला दंडक त्यांनी इतकी वर्षं निमूट पाळला होता. आज त्या चपलांसकट आत गेल्या.

"मॅडम, चप्पल..." कक्षप्रमुख दिग्विजय खुर्चीतून अर्धवट उठला.

"बसा. धुळीनं काय होणार? नष्ट करायला वीज समर्थ आहे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढत नाही तेव्हाच बाई खऱ्या संतापलेल्या असतात, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, दिग्विजयला नव्हतं.

"बिघाड कधी झाला?"

"मंगळवारी."

"पुण्यात वीज गुरुवारी जाते, दिग्विजयराव. आणि गेलीच, तर तो कोपऱ्यातला यूपीएस कशाला आहे? दसऱ्याचा हार अजून तसाच आहे त्याच्यावर. पूजेपुरताच आणला होता का?"

दिग्विजय हसला. "हार्डवेअर आहे मॅडम. एक्झॅक्टली काय झालं, सांगता येत नाही."

"मी सांगते. विजेनं तुमचे पत्त्यांचे खेळ सोडले. संचालकांच्या सत्काराचे फोटो सोडले. माझी 'तांबट' नावाची डिरेक्टरी तेवढी वेचून खाल्ली. इतकी साक्षर वीज माझ्या पाहण्यात नाही. आणि हे 'आपोआप' कुणाचं? सांगितल्याशिवाय तुमची ही युनिक्स प्रणाली काही पुसत नाही, आणि सांगितलं की पुन्हा विचारत नाही. तुम्हीच शिकवलंत मला. डिस्कवर जागा किती उरलीय, दाखवा."

दिग्विजयनं कळफलकावर चार अक्षरं बडवली. पडद्यावर ओळी उतरल्या. डिस्क काठोकाठ भरलेली होती. 'तांबट' होतं तिथे आता कंपायलर नावाचा नवा, अवाढव्य प्रोग्रॅम होता, आणि त्याच्यापुढे मंगळवारची तारीख. ती दोघांनीही वाचली.

कसबा पेठेतले तांबट ज्ञानदेवकाका डोळे मिटून घागरीवर हातोडी चालवत आणि पत्रा कुठे पातळ झाला ते नुसत्या नादावरून सांगत. ठोक्याठोक्याला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं. ते ठोके, ती नावं, सगळं पद्मजाबाईंनी त्यांच्या भट्टीशेजारी बसून कॅसेटींवर टिपलं होतं आणि मग संगणकात उतरवलं होतं. श्रावणात काका गेले. मुलानं भट्टी मोडून स्टीलचं दुकान घातलं. मूळ कॅसेटी नियमानुसार संस्थेत जमा झाल्या होत्या, आणि आता त्यांवर सत्काराची भाषणं होती.

"अमेरिकेहून मिळालेलं प्रोग्रॅमिंगचं काम येत्या सोमवारी सुरू व्हायचंय," दिग्विजय पडद्याकडे बघत म्हणाला. "कंपायलर बसतच नव्हता. सर म्हणाले, काहीतरी उडवा."

"आणि आपण काय उडवतोय, ते ऐकावंसंही वाटलं नाही?"

त्याला हा आरोप मात्र लागला. तो ताठ बसला.

"ऐकलं ना मॅडम! एक फाईल पूर्ण ऐकली, मगच उडवली. नुसती ठोकाठोक होती. शेवटी कुणीतरी म्हातारा विचारतो, 'राहील ना हो ताई हे, तुमच्या मशीनमध्ये?'"