बॉक्सवर दादाचं नाव

परदेशातल्या एका श्रीमंत चर्चने आमचं चर्च दत्तक घेतल्यासारखं आहे. आपण फॉर्म भरून पाठवायचा, मग ते सामान पाठवतात. बोटीने येतं, वर्ष लागतं.

आज सामान आलं. मी आणि दादा बॉक्स उतरवत होतो. एकावर चक्क दादाचं नाव.

"टीव्ही पाठवला की काय मला?" म्हणत दादाने तो एकट्याने खांद्यावर घेतला आणि हॉलमध्ये नेऊन फोडला. आत ऑक्सिजनचं मशीन. नळी, मास्क, सगळं.

दादाने हसण्यावारी नेलं. मी मात्र तडक ऑफिसमधल्या मावशींकडे गेलो. फॉर्म त्याच भरतात.

"मावशी, नाव चुकलंय. दादा ठणठणीत आहे."

"चुकलं नाही रे बाळा. आधी मी माणूस आजारी पडल्यावर फॉर्म भरायचे. मशीन यायचं, तोवर माणूस गेलेला असायचा. तुझ्या बाबांचं तसंच झालं ना? म्हणून आता आधीच भरते. दगडखाणीत सहावं वर्ष लागलं की धाप लागतेच."

खिडकीतून दादा दिसत होता. पायरीवर पुढचा बॉक्स टेकवून उभा होता. माझं लक्ष गेल्यावर त्याने पटकन उचलला.

मावशींनी चष्मा लावला आणि ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला.

"तू कधी लागलास रे खाणीवर?"